लग्न, नोंदणी आणि वारसाचा रकाना

नवऱ्याने बायकोला दहा लाख रुपये भेट दिले, तर त्या रकमेवर तिला प्राप्तिकर लागत नाही. एका मित्राने दुसऱ्या मित्राला तेवढेच पैसे दिले, तर ते घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. वर्षाला पन्नास हजारांपर्यंतच्या भेटी माफ. ती मर्यादा ओलांडली की सगळी रक्कम करपात्र. यातून सुटतात ते 'नातेवाईक', आणि नातेवाईक कोण याची यादी कायद्यातच आहे. त्या यादीत पहिला मान वैवाहिक जोडीदाराचा. ऑगस्ट २०२५मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याच तरतुदीला आव्हान दिले. त्यांच्या तक्रारीचे सार असे की, कायदा आम्हाला लग्न करू देत नाही, आणि लग्न झालेले नाही म्हणून सवलतही देत नाही. न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.

अमेरिकेत एडिथ विंडसर या बाईंची लढाईही कराच्या मागणीपासूनच सुरू झाली होती. २००९मध्ये त्यांची जोडीदार थिआ स्पायर वारली. दोघींचे लग्न कॅनडात झाले होते, पण केंद्रीय कायदा ते मानत नव्हता. त्यामुळे वारशावर ३,६३,०५३ डॉलर कर भरावा लागला. नवरा वारला असता तर यातला एक डॉलरही भरावा लागला नसता. २०१३मध्ये विंडसरबाई सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या आणि दोनच वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, ओबर्गफेल निकालाने देशभर समलिंगी विवाह वैध झाला.

टीव्हीवरच्या चर्चेत समलिंगी विवाहाचा विषय संस्कृती, निसर्ग आणि धर्म यांच्याभोवती फिरतो. ज्यांना हा कायदा हवा आहे, त्यांचा रोजचा संबंध मात्र रकान्यांशी येतो: नॉमिनी कोण, वारस कोण, दवाखान्यात सही कोणाची. वाद समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

घटनापीठाने काय दिले, काय नाकारले

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानातील कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. गुन्हा राहिला नाही, पण नातेही तयार झाले नाही. पुढची पायरी म्हणून नोव्हेंबर २०२२मध्ये हैदराबादचे सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग न्यायालयात गेले. त्यांच्यापाठोपाठ इतर जोडपी आली. मागणी धर्माच्या विवाह कायद्यांबद्दल नव्हती. १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे आपण ज्याला 'रजिस्टर लग्न' म्हणतो त्याचा, अर्थ सर्वांना सामावून घेणारा लावा, एवढीच होती. या कायद्याच्या चौथ्या कलमात पुरुषाचे वय २१ आणि स्त्रीचे १८ पूर्ण हवे असे लिहिले आहे. घोडे तिथेच अडते.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती संजय किशन कौल, रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांच्या घटनापीठापुढे एप्रिल-मे २०२३मध्ये दहा दिवस सुनावणी झाली. तिचे थेट प्रक्षेपण झाल्याने लोकांनी ती घरबसल्या पाहिली. १७ ऑक्टोबर २०२३ला निकाल आला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय नवे शब्द घालणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. पारलिंगी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर प्रचलित कायद्यांखाली लग्न करू शकते, हेही एकमताने ठरले.

मतभेद झाला तो त्यापुढच्या मुद्द्यावर. लग्न नाही तर नाही, पण दोघांच्या सहजीवनाला सरकारने काही कायदेशीर ओळख द्यायलाच हवी का? चंद्रचूड आणि कौल म्हणाले, हो. आणि अशा जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्याची मुभाही हवी. भट, कोहली आणि नरसिंह म्हणाले, जोडीदार निवडून त्याच्याबरोबर राहण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण त्या नात्याला दर्जा द्या असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही. तो कायदेमंडळाचा प्रांत. तीन विरुद्ध दोन. तरीही न्या. भट यांनी एक गोष्ट स्पष्ट नोंदवली: निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी यांसारखे लाभ विवाहाशी जोडल्यामुळे या जोडप्यांबाबत अप्रत्यक्ष भेदभाव होतो आणि तो दूर करण्याची जबाबदारी सरकारची आहे. जानेवारी २०२५मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

परिपत्रकाची धाव

सुनावणीत सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी रोजच्या अडचणींसाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू असे सांगितले होते. ती समिती एप्रिल २०२४मध्ये नेमली गेली. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एकाच घरातले समजावे, असे राज्यांना कळवण्यात आले. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात द्यावे, असे आरोग्य मंत्रालयाने लिहिले.

या सोयी कामाच्या आहेत. पण त्यांची धाव कुठपर्यंत, ते पाहायला हवे. नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे घेतो आणि खऱ्या वारसांच्या हवाली करतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये शेअर्सबाबत हेच पुन्हा सांगितले: नामनिर्देशनामुळे वारसाहक्क डावलला जात नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे नियम याहून कडक आहेत. कर्मचाऱ्यावर आईवडील अवलंबून असतील, तर ते त्याचे 'कुटुंब', आणि कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन अवैध. वीस वर्षे एकाच छपराखाली राहिलेला जोडीदार इथे बाहेरचाच.

मृत्युपत्र केले तर स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देता येते, हे खरे. पण मृत्युपत्र न करता हिंदू माणूस गेला, तर वारसा कायद्याची शिडी आई, मुले, वडील, भावंडे करत दूरच्या भाऊबंदांपर्यंत जाते. तिथेही कोणी सापडले नाही तर मालमत्ता सरकारजमा होते. जोडीदाराचा नंबर सरकारनंतरही लागत नाही. मूत्रपिंड द्यायचे म्हटले तर अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 'निकट नातेवाइकां'त पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे आहेत. बाकीच्यांनी प्राधिकार समितीपुढे जायचे. दत्तकाच्या नियमांनुसार जोडप्याला किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. म्हणजे मूल कायद्याने दोघांपैकी एकाचेच होते. त्या एकाला काही झाले तर दुसऱ्याचा त्या मुलावर कसलाच हक्क नाही.

आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. विवाहाचा कायदा जोडण्याइतकाच तोडण्याचाही असतो. पोटगी, निवारा, मुलांचा ताबा हे सगळे घटस्फोटाच्या वाटेवर मिळते. ज्यांचे लग्नच नाही, त्यांच्यातला दुबळा जोडीदार वेगळे होताना रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

विरोधकांचे म्हणणे

विरोध एका सुराचा नाही. केंद्राने प्रतिज्ञापत्रात भारतीय कुटुंबाची कल्पना पती, पत्नी आणि त्यांची मुले अशी असल्याचे सांगितले. याचिकांमागे शहरी उच्चभ्रूंचा दृष्टिकोन असल्याचेही म्हटले. जमियत उलेमा-ए-हिंदने धार्मिक भूमिकेतून विरोध केला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून हा विषय संसदेवर सोडा म्हटले. दुसरीकडे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, समलैंगिकता हा आजार नाही आणि विवाह, दत्तक यांचे हक्क मिळायला हवेत, असे जाहीर केले.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा संस्कृतीचा नाही, कायद्याच्या विणीचा आहे. मेहता यांनी सुमारे १६० तरतुदींवर परिणाम होईल असे सांगितले. विशेष विवाह कायद्यातच पत्नीला घटस्फोटाची काही जादा कारणे आहेत, पोटगी पत्नीसाठी आहे. दोन पुरुषांत किंवा दोन स्त्रियांत 'पत्नी' कोण? स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेल्या तरतुदी लिंगनिरपेक्ष केल्या, तर त्यांचा फटका स्त्री-पुरुष विवाहातील स्त्रियांनाच बसेल, ही भीती न्या. भट यांनीही व्यक्त केली. ती निराधार नाही. मात्र यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून काहीच नको' असा होत नाही. 'म्हणून विचारपूर्वक कायदा करा' असा होतो.

समाजाच्या आतला वाद

सगळ्या क्वीअर चळवळीला लग्न हवे आहे, असेही नाही. मुंबईत १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक सुरू केली. या कामाची सुरुवातीची वर्षे आरोग्य, समुपदेशन आणि पोलिसांचा जाच यांतच गेली. लग्न हा फार नंतरचा विषय. हमसफरच्याच सुमारास मुंबईत स्त्रीसंगम, म्हणजे आजची 'लेबिया', ही समलिंगी स्त्रियांची संघटना सुरू झाली. तिच्या परंपरेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी विवाहसंस्थेकडे कायम संशयाने पाहिले. जात, हुंडा आणि पुरुषसत्ता यांच्यावर उभ्या असलेल्या वाड्यात आपण खोली का मागायची, हा त्यांचा सवाल.

अशाच काही कार्यकर्त्या सुप्रियो खटल्यात याचिकाकर्त्या झाल्या, पण त्यांची मागणी वेगळी होती. एप्रिल २०२३मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने आणि लेस्बियन, बायसेक्शुअल स्त्रिया व पारलिंगी व्यक्तींच्या राष्ट्रीय जाळ्याने घेतलेल्या जनसुनावणीचा अहवाल आला: 'अपनों का बहुत लगता है'. कोंडून ठेवणे, मारहाण, बळजबरीचे लग्न, सगळे घरच्यांच्याच हातून. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस अशा मुलींसाठी घरच्यांना धाडलेले आमंत्रणच ठरते. म्हणून त्यांनी नोटीस काढून टाका म्हटले, आणि रक्ताच्या नात्याबाहेर आपण निवडलेल्या माणसांना कुटुंब म्हणून मान्यता मागितली. मे २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका तरुणीच्या प्रकरणात, ही कल्पना उचलून धरली: कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही.

मधली वाट: जगाचा अनुभव

लग्न न म्हणता नोंदणीकृत सहजीवनाला मान्यता देणारा पहिला देश डेन्मार्क. तिथे १ ऑक्टोबर १९८९पासून जोडप्यांची नोंद होऊ लागली. पुढे अनेक देशांत ही पायरीच ठरली. ब्रिटनने २००४मध्ये सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा केला आणि दहा वर्षांत इंग्लंड व वेल्समध्ये समलिंगी विवाह सुरू झाले. मग उलटाच प्रश्न आला: एका स्त्री-पुरुष जोडप्याने आम्हालाही लग्न नको, पार्टनरशिप हवी म्हणून दावा लावला. २०१८मध्ये ते जिंकले आणि २०१९अखेर ती सर्वांना खुली झाली. फ्रान्सने १९९९मध्ये 'पाक्स' नावाचा करार आणला तो मुख्यतः समलिंगी जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून. आज तो करणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्री-पुरुष जोडपी असतात.

पूर्ण विवाहाचा पहिला मान नेदरलँड्सचा, १ एप्रिल २००१. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाने २०१५मध्ये सार्वमताने, ६२ टक्के मतांनी होकार दिला. तैवानमध्ये न्यायालय बाजूने, सार्वमत विरोधात, आणि शेवटी २०१९मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून वाट काढली. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून असे विवाह होऊ लागले. आपल्या शेजारी नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झाली. कुठे न्यायालय, कुठे संसद, कुठे थेट जनता. एकच राजमार्ग कोणालाही सापडलेला नाही.

लग्न कोणी लावायचे?

लग्न वैध कशाने होते, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न भटजीशिवाय लागले, तेव्हा त्यालाही धर्मबुडवेपणा म्हटले गेले. पुढे ओतूरला अशाच लग्नांवरून ग्रामजोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या काळात ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून १८७२चा विवाह कायदा झाला. १९५४चा विशेष विवाह कायदा हा त्याचाच वारस. म्हणजे ज्यांचे लग्न धर्म लावत नाही, त्यांच्यासाठीच तो जन्मला. १९१९मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला.

तमिळनाडूचे उदाहरण आजच्या पेचाला अधिक जवळचे आहे. पेरियार यांच्या चळवळीतले पुरोहिताविना लागणारे स्वाभिमान विवाह मद्रास उच्च न्यायालयाने १९५०च्या दशकात अवैध ठरवले. १९६७मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घालून ते वैध केले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. न्यायालयाने नाकारलेले विधिमंडळाने दिले.

विवाह आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्याला छेद जात असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, पण राज्याचे हात बांधलेले नाहीत. १ एप्रिल २०२२ला बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १९७०नंतर एकही खासगी विधेयक संमत झालेले नाही, त्यामुळे त्याचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. २०२३मध्ये केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि महाराष्ट्र यांनी सखोल चर्चेसाठी वेळ हवा म्हटले.

ती चर्चा विधानसभेत व्हावी. 'लग्न' या नावावर एकमत लगेच होणार नाही. वारसा, ग्रॅच्युइटी, दवाखान्यातली सही आणि वेगळे होतानाचा न्याय, या चार गोष्टींसाठी नोंदणीकृत सहजीवनाचा मसुदा मात्र आजही लिहिता येईल, आणि तो सर्व जोडप्यांना खुला ठेवला तर कोणाच्या लग्नाला धक्काही लागणार नाही. ज्यांना पूर्ण विवाहाचा हक्क हवा आहे, त्यांना हे अपुरे वाटेल, आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. पण १७ ऑक्टोबर २०२३ला पाचही न्यायमूर्तींनी चेंडू कायदेमंडळाकडे टाकला आहे. वेळ मागून घेतलेल्या राज्याने आता त्या वेळेचे काय केले, हे सांगायला हवे.