उदरातील अवयवांस पडणारा पीळ

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील रेल्वे जंक्शनचे गाव. ज्वारीची भाकरी हे या भागाचे नित्याचे अन्न होय. अशा तंतुमय आहाराच्या समाजांत मोठ्या आतड्याच्या अवग्रहाकार भागास पीळ पडण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून अधिक आढळते. आहार हे मात्र एकमेव कारण नव्हे. आतडे लांब व त्याच्या आंत्रबंधाचे मूळ अरुंद असले, म्हणजे पीळ सहज पडतो.

पीळ पडताच वायू कोंडून पोट फुगते. पातळ भित्तीच्या नीला प्रथम दबतात; रक्त तुंबून सूज वाढते. मग रोहिण्याही बंद होऊन कोथ सुरू होतो.

इतर अवयवांतही तत्त्व हेच. जठरास पीळ पडला असता बोरखार्ट याने १९०४ साली वर्णिलेली लक्षणत्रयी दिसते : वरच्या पोटात तीव्र वेदना, कोरडे उमासे, आणि नळी जठरात न शिरणे. बंध सैल असलेली प्लीहाही क्वचित आपल्या देठाभोवती फिरते.

आतड्याचा पीळ गुदमार्गे दुर्बीण व नळी घालून सोडविता येतो, हे नॉर्वेच्या ब्रूसगार याने १९४७ साली दाखविले. तथापि पीळ पुनःपुन्हा पडतो; म्हणून तो भाग पुढे काढून टाकणे इष्ट. कोथाची शंका येताच मात्र तातडीची शस्त्रक्रियाच केली पाहिजे.

पोट अचानक फुगून मल व वायू अडल्यास रेचक देऊन वाट पाहू नये. १९६३ साली स्थापन झालेले सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होटगीपासून दूर नाही. आतडे वाचेल की नाही, हे बहुधा घरी दवडलेल्या तासांवर ठरते.