पिलांवरील बोजा : कोंबड्यांतील साल्मोनेला रोग

जमीन खरेदी करणारा शहाणा शेतकरी पैसे मोजण्यापूर्वीं सात-बाराचा उतारा पाहतो. जमीन काळी कसदार आहे, विहिरीस बारमाही पाणी आहे, एवढ्यावर तो भुलत नाहीं. इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा अगर बँकेचा बोजा आहे कीं काय, हें तो आधीं वाचतो. कारण बोजा हा जमिनीच्या पाठोपाठ नव्या धन्याकडे येतो. परंतु हाच शेतकरी कोंबडीचीं हजार पिलें विकत घेतांना, पिलें तरतरीत दिसतात व भाव दोन रुपयांनीं उतरता आहे, इतकेंच पाहून पेट्या गाडींत चढवितो. पिलांवरही बोजा असतो. तो कोणत्याही कागदावर चढलेला नसतो; तो आईच्या अंडाशयांतून अंड्यांत व अंड्यांतून पिलांत उतरलेला असतो. साल्मोनेला नांवाच्या जंतूंचा हा बोजा कसा ओळखावा व कसा टाळावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

जंतूंच्या दोन तऱ्हा

साल्मोनेला हें एका मोठ्या जंतुकुळाचें नांव आहे. अमेरिकेंतील पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्या आडनांवावरून तें पडलें. या कुळांत अडीच हजारांहून अधिक पोटभेद नोंदले गेले आहेत; पण कोंबडीपालकाची बहुधा त्यांतील चारांशींच गांठ पडते. पुलोरम व गॅलिनेरम हे दोन कोंबडीचाच घात करितात. माणसास त्यांपासून सहसा उपद्रव होत नाहीं. एंटेरिटिडिस व टायफीम्युरियम हे दोन याच्या उलट आहेत. ते मोठ्या कोंबडीच्या पोटांत निमूटपणें राहतात. कोंबडी खाते, पिते, अंडीं घालते. आणि आजारी पडतो तो तीं अंडीं अगर तें मांस खाणारा मनुष्य.

पुलोरमपासून होणाऱ्या रोगास पांढरी हगवण म्हणतात. त्याच्या जंतूचा शोध अमेरिकेंत लिओ रेट्गर यांनीं १८९९ सालीं लावला. कांहीं पिलें अंड्यांतच मरतात, कांहीं बाहेर आल्याबरोबर. बाकीच्यांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत मर अतिशय वाढते. पिलें पंख सोडून, डोळे मिटून उबेच्या दिव्याखालीं घोळका करितात. खडूसारखी पांढरी विष्ठा शेपटाखालच्या पिसांस चिकटून गुदद्वार बुजतें, व विष्ठा टाकतांना पिलूं कळवळून ओरडतें. गॅलिनेरमपासून होणारा कोंबड्यांचा विषमज्वर हा मुख्यत्वें वाढत्या व मोठ्या पक्ष्यांस होतो. इंग्लंडांतील एका कळपांत तो १८८८ सालीं एडवर्ड क्लाइन यांनीं ओळखला. तुरा फिकट पडतो, हगवण हिरवट-पिवळी होते, आणि मेलेला पक्षी उघडून पाहिल्यास यकृत सुजलेलें व काशाच्या रंगाचें दिसतें. मात्र नुसतीं लक्षणें पाहून स्वतःच निदान ठरवूं नये. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी बर्फांत घालून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावे. पुण्यास औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. जंतूंची खरी ओळख अशा प्रयोगशाळेंतच पटते.

वांचलेल्यांपासून भय

जीं पिलें मरतात त्यांचा हिशेब एकदांच होतो. जीं वांचतात त्यांचा पुढें चालतो. वांचलेलें पिलूं अंगानें भरतें, त्याची तलंग होते, ती अंड्यावर येते. परंतु जंतु तिच्या अंडाशयांत घर करून असतात. अशी कोंबडी पाहून कोणासही संशय येत नाहीं. तिच्या अंड्यांपैकीं कांहींत जंतु उतरतात. असें अंडें उबवणी-यंत्रांत फुटलें कीं पिलाच्या अंगावरील लव यंत्राच्या वाऱ्यानें चोहोंकडे उडते, आणि शेजारच्या शेंकडों निरोगी पिलांच्या श्वासांत व पोटांत जंतु जातात.

म्हणून या रोगाचा बंदोबस्त पिलांच्या खोलींत होत नाहीं. तो पालक-कळपांत करावा लागतो. त्याचें साधन सोपें आहे. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर जांभळ्या परीक्षक द्रवाचा एक थेंब टाकावयाचा, चार महिन्यांवरील कोंबडीच्या पंखाखालील शिरेंतून रक्ताचा थेंब घेऊन त्यांत मिसळावयाचा, व दोन मिनिटें पाहावयाचें. मिश्रण एकसारखें राहिलें तर ठीक. फाटलेल्या दुधाप्रमाणें त्यांत कण जमले तर ती कोंबडी दोषी समजावी. अशा कोंबड्या काढून टाकून उरलेल्यांची तीन-चार आठवड्यांनीं पुन्हां परीक्षा करितात, व लागोपाठ दोन वेळां सर्व कळप निर्दोष ठरेपर्यंत हें चालतें. विषमज्वराच्या वाहक कोंबड्याही याच परीक्षेंत सांपडतात. अमेरिकेनें १९३५ सालीं राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजना सुरू केली, ती मुख्यतः पांढऱ्या हगवणीच्या निर्मूलनासाठींच. आणि अशा परीक्षा वर्षानुवर्षें करून तेथील व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

औषधाचा भरंवसा किती?

मर सुरू होतांच पाण्यांतून प्रतिजैविक औषध देण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. औषधानें मर उतरते हें खरें. पण जंतु समूळ जात नाहींत, व वाहक कोंबडी वाहकच राहते. शिवाय वारंवार औषध दिल्यानें त्यास न जुमानणारे जंतु तयार होतात, आणि उद्यां घरांतील मूल आजारी पडलें असतां डॉक्टरांचें औषध चालेनासें होतें. याच कारणास्तव केंद्र सरकारनें २०१९ सालीं अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां व कोंबड्यांकरितां कॉलिस्टिन या औषधाचें उत्पादन व विक्री यांस बंदी केली. रोगांतून उठलेल्या कळपाचीं अंडीं उबवणीसाठीं कधींही देऊं नयेत, व वांचलेल्या कोंबड्या शेजाऱ्यास पाळावयास विकूं नयेत. येथें शास्त्र व शेजारधर्म दोन्ही एकच सांगतात.

इंग्लंडचा धडा

३ डिसेंबर १९८८ रोजीं ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनीं, देशांतील बहुतेक अंड्यांच्या उत्पादनास साल्मोनेलाची बाधा आहे, असें विधान केलें. विधान अतिशयोक्त होतें व त्यांस त्याच महिन्यांत पद सोडावें लागलें. परंतु रोग खरा होता. अंड्यांचा खप कोसळला, लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या, आणि ज्यांचे कळप शुद्ध होते तेही उत्पादक त्यांत भरडले गेले. पुढें १९९८ सालीं सिंहाच्या छापाची योजना निघाली : एंटेरिटिडिसविरुद्ध लस दिलेल्या कोंबड्यांच्याच अंड्यांवर हा शिक्का, आणि त्याबरोबर खाद्य, उंदीर व स्वच्छता यांची तपासणी. रोग इतका हटला कीं, अशीं अंडीं लहान मुलें, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांनीं कच्चीं अगर अर्धवट उकडलेलीं खाण्यासही हरकत नाहीं, असें तेथील अन्न मानक संस्थेनें २०१७ सालीं जाहीर केलें. गेलेली पत पुरती परत मिळावयास जवळजवळ तीस वर्षें लागलीं.

आपल्या हातांतील गोष्टी

पिलें घेतांना उबवणी-केंद्राकडे पालक-कळपाच्या रक्तपरीक्षेचा दाखला मागावा. दाखला नसेल तर भाव कितीही उतरो, सौदा करूं नये. एका शेडमध्यें एकाच वयाचीं पिलें ठेवावीं व तीं सर्व एकदम काढावीं. जुनें तूस बाहेर नेऊन, शेड धुऊन, जंतुनाशक मारून ती पुरती कोरडी होईपर्यंत नवीं पिलें आणूं नयेत. उंदरांकडे विशेष लक्ष द्यावें. त्यांच्या लेंड्यांतून एंटेरिटिडिस खाद्यांत येतो, व शेड रिकामी असतांही उंदरांच्या पोटीं तो टिकून राहतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील दोन अंडी-उत्पादकांस २०१० सालीं सुमारें ५५ कोटि अंडीं बाजारांतून परत बोलवावीं लागलीं; सरकारी तपासनिसांस त्यांच्याकडे उंदीर, माशा व विष्ठेचे ढीग आढळले होते. मळलेलीं अंडीं थंड पाण्यानें धुऊं नयेत; ऊबदार अंडें थंड पाण्यांत पडलें कीं आंतील हवा आकसते व कवचाच्या छिद्रांतून घाण आंत ओढली जाते. घरीं पांढरें व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडें शिजवावें, आणि कच्चें मांस कापलेली सुरी न धुतां कोशिंबिरीस लावूं नये.

कंपनीच्या करारावर कोंबड्या वाढविणाऱ्यास पिलें निवडण्याची मुभा नसते, हें खरें. परंतु पिलें उतरविल्याची तारीख, तुकडीचा क्रमांक, रोजची मर व तिचीं लक्षणें वहींत लिहून पर्यवेक्षकाची सही घेण्यास अडचण नसावी. मर कोणाच्या दोषानें झाली, हा वाद हिशेबाच्या वेळीं निघतो, आणि तेव्हां तोंडी सांगण्यापेक्षां लेखी नोंदीस वजन असतें.

एकट्या शेतकऱ्यानें दाखला मागितला तर तो टाळणें केंद्रास सोपें जातें. गांवच्या दहा-वीस कोंबडीपालकांनीं मिळून मागितला तर तें तितकें सोपें राहत नाहीं. येत्या तुकडीचीं पिलें मागविण्यापूर्वीं सभासदांनीं हा विषय आपल्या सोसायटीच्या सभेपुढें ठेवावा, इतकी विनंति आहे.