भिंग घ्या, मग बोला

कवठे येमाईतल्या एखाद्या वाड्यात खापरपणजोबांच्या पत्रांचा गठ्ठा सापडलाच, तर तिकीट सोलून काढू नका. पाकीट आणि शिक्क्यासकट त्याचं मोल जास्त. कडेला दाते नसलेलं, व्हिक्टोरिया राणीचं तिकीट १८५४ च्या मालिकेतलं असू शकतं. अर्धा, एक आणि चार आण्यांची ही तिकिटं कलकत्त्यात शिळाछापावर निघाली. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशभर जाई.

खरी गंमत एक आण्याच्या लाल तिकिटात. त्याचे ठसे तीन. पहिल्यात राणीच्या अर्धपुतळ्याचं टोक अणकुचीदार, दुसऱ्यात ते गोलसर. तिसऱ्यात पुन्हा अणकुचीदार, पण ‘वन आना’ची अक्षरं जाड आणि रुंद. निळ्या अर्ध्या आण्याच्या कडेला आठ कमानी असतात. साडेनऊ कमानींचं शेंदरी तिकीट छापलं गेलं, पण विक्रीला आलंच नाही. चार आण्याची चौकट लाल, डोकं निळं. दोनदा छापताना काहींवर राणी उलटी झाली. तसं दिसलं तर आधी नकलेचाच संशय घ्यावा!

अमेरिकेच्या १८५१ च्या एक सेंटी फ्रँकलिनच्या तिकिटाचे प्रकारही असेच, वरखालची नक्षी कुठे तुटते त्यावरून ठरतात.