वनमालक सहकारी संघांचे विलीनीकरण

खाजगी वनांच्या मालकांनी लाकडाची तोड, वाहतूक, विक्री व पुनर्लागवड ही कामे एकत्रितपणे करण्यासाठी स्थापन केलेल्या संस्थांना वनमालक सहकारी संघ म्हणतात. महाराष्ट्रातील जंगल कामगार सहकारी संस्थांहून ते भिन्न होत. त्या संस्था वनमालकांच्या नसून मजुरांच्या असतात. स्वीडनमध्ये उत्पादक वनभूमीपैकी सुमारे निम्मी व्यक्तिगत मालकीची असल्याने तेथे हे संघ विशेष प्रबळ आहेत.

विलीनीकरणाचे प्रमुख कारण बाजारपेठेत आढळते. कागदलगद्याचे कारखाने मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती असल्याने लहान संघाची सौदाशक्ती तोकडी पडते. आपत्तीत मोठ्या संघाचा आधार अधिक असतो. जानेवारी २००५ मधील वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे ७ कोटी घ. मी. लाकूड आडवे झाले. तेव्हा ते उचलणे, पाणी फवारून साठविणे व खपविणे यांसाठी विस्तृत यंत्रणा आवश्यक ठरली. त्या भागातील सोद्रा (स्थापना १९३८) या संघाचे स्वतःचे लगदा कारखाने होते. उत्तरेकडील नोरा स्कूग्सएगार्ना व नोरस्कूग हे दोन संघ २०२० मध्ये एकत्र येऊन नोरा स्कूग हा संघ निर्माण झाला.

तथापि आकार वाढल्याने स्थैर्य येतेच असे नाही. उत्तर स्वीडनमधील संघांनी मिळून उभारलेला लगदा उद्योग १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डबघाईस आला व शासनाला त्यात भांडवल घालावे लागले. या अनुभवामुळे सावध झालेले सभासद दुसऱ्या संघाचे कर्ज व जुने कारखाने आपल्या माथी येतील काय, हे प्रथम पाहतात. ज्या संघाची गंगाजळी मोठी, त्याच्या सभासदांना ती इतरांबरोबर वाटून घेणे अन्यायाचे वाटते. ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वामुळे मोठ्या संघात प्रत्येक मताचे वजन घटते. शिवाय परिचित स्थानिक वनाधिकारी दुरावण्याची भीती असते.

विलीनीकरणाचा अंतिम निर्णय सभासदांच्या प्रतिनिधींच्या सभेत होतो. सभासदाला आपले लाकूड संघाबाहेर विकण्याची सामान्यतः मुभा असते. त्यामुळे विलीनीकरणाने खर्चात बचत झाली, तरी सभासदांचा विश्वास ओसरल्यास संघाला मिळणारे लाकूड घटते आणि ती बचत व्यर्थ ठरते. म्हणूनच स्वतंत्र राहून केवळ विक्री वा वाहतुकीपुरता करार करणे, हा मध्यममार्गही काही संघ पत्करतात.