व्हीगन बेकिंगचा घरगुती धंदा : आधी काय घ्यावे?

• एगलेस म्हणजे व्हीगन नव्हे. व्हीगनमध्ये दूध, लोणी, तूप, मधही वर्ज्य. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम २०२२ पासून.

• ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) : सुरुवातीला २८ ते ३५ लिटर पुरे. २००० वॅटचा ओव्हन सलग तासभर तापला, तर २ युनिट वीज. प्लग १६ अँपिअरचा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक खरपूस होत नाही.

• वजनकाटा : १ ग्रॅमपर्यंत मोजणारा. कपाच्या मापावर धंदा चालत नाही.

• हँड मिक्सर : काबुली चणे शिजवलेले पाणी (अ‍ॅक्वाफाबा) अंड्याच्या पांढऱ्याऐवजी फेसायला.

• सेकंडहँड : ओव्हन, अ‍ॅल्युमिनियमचे टिन घासून चालतात. लाकडी लाटणे, ब्रश मात्र नवेच. जुन्यांत लोणी-अंड्याचा अंश राहतो.

• खरेदीची ठिकाणे : मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात बोहरी आळी.