कानाला न कळणारी षष्ठी

एका गृहस्थाला तीन भाऊ आहेत. त्याची अखेरची वर्षे धाकट्या भावाच्या घरी गेली. त्याने इंग्रजीत मृत्युपत्र करून ठेवले आणि त्यात लिहिले, की बँकेतील रक्कम 'माय ब्रदर्स चिल्ड्रेन' यांना समान वाटून द्यावी. त्याच्या पश्चात घरातील कोणी जाणता मनुष्य ते मृत्युपत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचतो. धाकट्या भावाच्या दोन मुलांना वाटते, रक्कम आपल्याला मिळाली. उरलेल्या दोघा भावांच्या पाच मुलांना वाटते, सातही जणांना मिळाली. यात कोणाचीही ऐकण्यात चूक झालेली नाही. वाचणाऱ्यानेही शुद्ध वाचले आहे. निर्णय कानाने होण्यासारखाच नाही. त्यासाठी कागद हातात घ्यावा लागेल आणि 'ब्रदर्स' या शब्दातील एस् या अक्षरापाशी वर टांगलेले ते स्वल्पविरामासारखे चिन्ह अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहावे लागेल. अलीकडे असेल तर भाऊ एक. पलीकडे असेल तर भाऊ सगळे.

हेच मृत्युपत्र मराठीत असते, तर 'भावाच्या मुलांना' किंवा 'भावांच्या मुलांना' असे लिहिले गेले असते. म्हणजे भांडणाचे मूळ येथे एका अनुस्वारात आले असते. फरक एवढाच, की मराठी अनुस्वार नाकातून का होईना, उच्चारला जातो. इंग्रजीतील ते चिन्ह, ज्याला अपॉस्ट्रफी म्हणतात, उच्चारात मुळीच नाही. 'बॉइज' हा शब्द 'मुलगे' या अर्थाने, 'मुलाचा' या अर्थाने आणि 'मुलांचा' या अर्थाने तीन प्रकारांनी लिहिला जातो आणि तिन्ही वेळा एकच ऐकू येतो. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याचीही येथे चूक होते, ती यामुळेच. त्याने ती भाषा कानाने मिळविलेली असते आणि कानाने हा भेद त्याला कधी शिकविलेलाच नसतो. मराठी विद्यार्थी ती पुस्तकातून शिकतो; त्यामुळे या एका बाबतीत तो इंग्रजाच्या पुढे असायला हरकत नाही.

हे चिन्ह आले कोठून, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संस्कृत किंवा लॅटिनप्रमाणे नामाला विभक्तिप्रत्यय होते आणि षष्ठीचेही नामाच्या वर्गानुसार निरनिराळे प्रत्यय होते. कालांतराने ते झिजले. पुष्कळशा पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना लागणारा 'एस्'कारान्त प्रत्यय तेवढा टिकला आणि तोच सर्वांना लागू झाला. पुढे त्यातील स्वरही उच्चारातून गेला. सोळाव्या शतकात मुद्रकांनी फ्रेंचांकडून हे लोपचिन्ह घेतले. त्याचा अर्थ, येथे एक अक्षर गळले आहे, एवढाच होता. मालकीशी त्याचा काही संबंध नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली जो पहिला संग्रह निघाला, त्यात बहुतेक षष्ठ्या या चिन्हावाचूनच छापलेल्या आहेत. एकवचनी षष्ठीला ते चिन्ह सतराव्या शतकाच्या अखेरीस चिकटले आणि अनेकवचनी षष्ठीला तर अठराव्या शतकात.

चिन्ह आले, तेव्हा त्याला कारणही शोधले गेले. 'राजा त्याचा मुकुट' अशा धर्तीची रचना इंग्रजीत एके काळी रूढ होती. म्हणून, गळलेले अक्षर म्हणजे 'हिज' या सर्वनामातील असावे, अशी समजूत पसरली. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात ती खोडून काढली. त्याचा मुद्दा बिनतोड होता: हा प्रत्यय स्त्रीवाचक नामालाही लागतो, आणि स्त्रीच्या सौंदर्याला 'त्याचे' कोण म्हणेल? मराठी मनुष्याला या प्रसंगी हसू येण्याचे कारण नाही. मराठीतील चा, ची, चे हे प्रत्यय लिंग पाहतात ते मालकाचे नव्हे, तर मालमत्तेचे: घोड्याचा पाय, घोड्याची शेपटी, घोड्याचे नाक. इंग्रजी षष्ठी मालमत्तेकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला फक्त मालक एक की अनेक हे ठाऊक असते, आणि तेही कागदावरच.

नियम म्हणून सांगायचे तर ते एका वाक्यात सांगता येते. आधी मालकाचे वचन लिहून पुरे करावे, मग चिन्ह घालावे. 'ब्रदर' पुरा झाला, चिन्ह, मग एस्. 'ब्रदर्स' हे अनेकवचन पुरे झाले, शेवटी एस् आहेच, म्हणून नुसते चिन्ह. 'चिल्ड्रेन', 'मेन', 'विमेन' ही अनेकवचने एस् न घेताच होतात; म्हणून त्यांच्यापुढे चिन्ह आणि मग एस्. या तीन शब्दांत विद्यार्थी हटकून चुकतात, कारण अनेकवचन म्हणजे चिन्ह पलीकडे, असे त्यांनी घोकलेले असते. 'हिज', 'हर्स', 'इट्स' या सर्वनामांना मात्र षष्ठीत चिन्ह मुळीच नाही. 'इट्स'मध्ये चिन्ह दिसले, की तेथे 'इट इज' अथवा 'इट हॅज' यांचा संक्षेप समजावा.

भारतातील कायद्यांची नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. कामगारांच्या राज्य विम्याचा १९४८ चा कायदा आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा, या दोहोंच्या इंग्रजी नावांत 'एम्प्लॉईज' या शब्दाचे चिन्ह एस्च्या पलीकडे आहे. म्हणजे कर्मचारी अनेक. कामावर असता इजा झाल्यास भरपाई देणारा १९२३ चा कायदा 'वर्कमेन्स' या नावाने निघाला. त्यातही कामगार अनेकच. चिन्ह अलीकडे आहे ते 'मेन' या रूपामुळे. २००९ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव बदलून 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट' असे करण्यात आले, आणि या नव्या नावात चिन्ह एस्च्या अलीकडे आले. कामगार अनेक होते, त्यांच्या जागी एकच कर्मचारी उरला. बोलताना या नावातील 'एम्प्लॉईज' आणि विमा कायद्यातील 'एम्प्लॉईज' यांत कोणालाही भेद कळणार नाही. सुदैवाने यामुळे कोणाची भरपाई बुडाली नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने आधीच सांगून ठेवले आहे, की संदर्भाला बाध येत नसेल तर केंद्रीय कायद्यात एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन अंतर्भूत समजावे. संसदेला असे कवच आहे. खाजगी मृत्युपत्राला ते नाही. तेथे न्यायालय मृत्युपत्र करणाऱ्याचा उद्देश शोधू लागते, आणि उद्देश सापडेपर्यंत सातही चुलत भावंडांचे बोलणे बंद झालेले असते.

याच कायद्यांच्या शेजारी १९४८ चा 'फॅक्टरीज अ‍ॅक्ट' आणि १९५२ चा 'माइन्स अ‍ॅक्ट' ठेवून पाहावेत. येथे चिन्हच नाही. का? कायदा कारखान्यांचा नाही, कारखान्यांविषयी आहे. येथे षष्ठी संपली आणि समास सुरू झाला.

समास म्हटला, की मराठी श्रोता आपल्या घरी आल्यासारखा होतो. आणि यात अतिशयोक्ती नाही, कारण पाश्चात्य भाषाशास्त्रज्ञांनीच आपल्या ग्रंथांतून 'द्वंद्व' आणि 'बहुव्रीही' हे शब्द संस्कृत व्याकरणातून जसेच्या तसे उचलले आहेत. 'पेपरबॅक' म्हणजे कागदी पाठ नव्हे, कागदी पाठ आहे ज्याला असे पुस्तक; हा सरळ बहुव्रीही. इंग्रजी समासाचे शेवटचे पद बहुधा प्रधान असते आणि दोन पदांतील संबंध बोलणारा सांगत नाही, ऐकणाऱ्याने तो ओळखायचा असतो. 'विंडमिल' वाऱ्याने चालते, 'फ्लोअर मिल' पीठ दळते, 'कॉटन मिल'मध्ये कापसाचे सूत होते. चक्की किंवा गिरणी तीच, विग्रह तीन. 'हेअर ऑइल' केसांना लावायचे असते आणि 'कोकोनट ऑइल' खोबऱ्यापासून निघालेले असते. जो मनुष्य पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी आणि पोळपाट म्हणजे पोळी लाटण्यासाठी पाट, हे न शिकविता जाणतो, त्याला इंग्रजी समासाचे कोडे पडू नये. शाळेत मध्यमपदलोपी समास शिकविणारा मास्तर आणि शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकविणारा मास्तर यांची या विषयावर कधी गाठ पडत नाही, ही खरी अडचण आहे.

समासात शिरताना पहिले पद आपले वचन दाराबाहेर ठेवते. पुस्तकांचे आलय ते पुस्तकालय. तेथे अनुस्वार उरत नाही. तसेच 'बुकशॉप', मग पुस्तके हजारो का असेनात. 'टूथब्रश' एका दातासाठी नसतो. भारताची पहिली पंचवार्षिक योजना १९५१ साली सुरू झाली, ती 'फाइव्ह-यिअर प्लॅन'. वर्षे पाच असूनही 'यिअर' एकवचनी. पण 'सेव्हिंग्ज बँक' आणि १९५९ चा 'आर्म्स अ‍ॅक्ट' हा नियम पाळत नाहीत. पहिल्या पदाचे अनेकवचन स्वतंत्र अर्थाने रूढ झाले असले, की ते समासातही तसेच टिकून राहते. 'वुमन डॉक्टर' म्हणजे स्त्री असलेली डॉक्टर, आणि तिचे अनेकवचन करताना दोन्ही पदे बदलतात. षष्ठीने लिहिलेली 'विमेन्स डॉक्टर' ही व्यक्ती मात्र पुरुषही असू शकते. ती स्त्रियांवर उपचार करते, एवढेच.

जोडपदांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई. जावई अनेक झाले, तर एस् 'सन'ला लागतो, कारण संख्या वाढली ती मुलाची, कायद्याची नव्हे. पण जावयाचे घर म्हणायचे असले, की षष्ठी अगदी शेवटी, 'लॉ'ला लागते. अनेकवचन प्रधान पदाला शोधीत जाते; षष्ठी मात्र साऱ्या पदसमूहाचे शेपूट धरते. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, तसे नव्हते; तेव्हा 'राजाचा मुलगा इंग्लंडच्या' अशा थाटाची रचना चाले. आज 'द किंग ऑफ इंग्लंड' एवढा पदसमूह होऊन गेला, की मग प्रत्यय येतो. मराठीतही 'राम व श्याम यांचे घर' म्हटले, की घर एक आणि मालक दोन. 'रामाचे व श्यामचे घर' म्हटले, की घरे दोन असल्याचा बोध होतो. इंग्रजीत शेवटच्या एकाच नावाला प्रत्यय लावला तर समाईक मालकी, दोन्ही नावांना लावला तर वेगवेगळी. खरेदीखताचा मसुदा करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

षष्ठीचे चिन्ह डोळ्याला दिसते, कानाला नाही, हे वर आलेच. समासाचे नेमके उलट आहे. 'ब्लॅकबर्ड' हा एक विशिष्ट जातीचा पक्षी. त्याची मादी तपकिरी असते, तरी ती ब्लॅकबर्डच. 'ब्लॅक बर्ड' म्हणजे कोणताही काळा पक्षी, कावळाही चालेल. समासात आघात पहिल्या पदावर, विशेषणात तो दुसऱ्यावर. 'इंग्लिश टीचर' हे शब्द कागदावर पाहून काही कळत नाही. आघात 'इंग्लिश'वर पडला तर तो इंग्रजी शिकविणारा, मग तो सांगलीचा का असेना. आघात 'टीचर'वर पडला तर तो जातिवंत इंग्रज, मग तो गणित का शिकवीना. सर्वच समासांत आघात इतका नेमाने पडतो असे नाही, आणि भारतीयांच्या इंग्रजीत तो बहुधा सपाट असतो; म्हणून येथे ऐकणाऱ्याने संदर्भावर भिस्त ठेवणे बरे.

षष्ठी वापरावी कोठे आणि समास करावा कोठे, याला पक्का कायदा नाही. सजीवाला षष्ठी, निर्जीवाला समास किंवा 'ऑफ', हे ढोबळ मान. कुत्र्याच्या पायाला षष्ठी, टेबलाच्या पायाला समास. पक्ष्याने बांधलेल्या घरट्याला षष्ठी आणि पक्ष्यासाठी माणसाने केलेल्या पिंजऱ्याला समास. कालवाचक शब्द निर्जीव असूनही षष्ठी घेतात, आणि कचेऱ्यांतून रोज येणारे रजेचे अर्ज येथेच अडखळतात. एका दिवसाची रजा मागताना चिन्ह एस्च्या अलीकडे, तीन दिवसांची मागताना पलीकडे; म्हणजे मराठीत प्रत्ययाच्या आधी जेथे अनुस्वार येतो, तेथे इंग्रजी चिन्ह पलीकडे जाते. चिन्ह अजिबात नको असेल, तर 'थ्री-डे लीव्ह' असा समास करावा आणि 'डे' एकवचनी ठेवावा.

नावांच्या बाबतीत मात्र तर्क फार ताणू नये. मुंबईत १८६९ साली निघालेल्या झेवियर कॉलेजच्या नावात षष्ठी आहे, विल्सन कॉलेजच्या नावात समास. कोलकात्यातील जुन्या 'रायटर्स बिल्डिंग्ज' या नावातील लेखक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून. अमेरिकेत भौगोलिक नावांसाठी १८९० साली नेमलेले सरकारी मंडळ आपल्या स्थळनामांत हे चिन्ह सहसा ठेवू देत नाही. नाव एकदा रूढ झाले, की त्यातील पदे मिळून एकच शब्द होतो, मालकी सांगण्याचे त्यांचे काम संपते, असे त्याचे म्हणणे. मार्थाज व्हिनयर्ड या बेटाला १९३३ साली ते चिन्ह परत मिळाले, तो मोजक्या अपवादांपैकी एक. आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत, पिकॅडिली मार्गावर, 'अर्ल्स कोर्ट' आणि 'बॅरन्स कोर्ट' ही लागोपाठची दोन स्थानके आहेत. पहिल्याच्या पाटीवर चिन्ह आहे, दुसऱ्याच्या पाटीवर नाही, आणि गाडीत स्थानकांची नावे पुकारली जातात, तेव्हा दोन्ही सारखीच ऐकू येतात.