अनंताची पिवळी पानं आणि पाण्याची झारी

अनंताचं पान पिवळं दिसलं की बहुतेक घरांत आधी पाण्याची झारी उचलली जाते. झाड तहानलेलं आहे, हा अनंताचं सर्वांत जास्त नुकसान करणारा समज. पाणी घालण्याआधी कोणतं पान पिवळं झालंय ते पाहा. खालची जुनी पानं अधूनमधून गळत असतील तर काळजी नको. सदाहरित झाडही पानं बदलतं, फक्त एकदम उघडं पडत नाही. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये.

लोह मातीत असतंच, अडतं ते मातीच्या सामूपाशी (पीएच). अनंत मूळचा दक्षिण चीन, जपानकडचा. मातीचा सामू ५ ते ६ असला की त्याला मानवतो. सामू ७ च्या वर गेला की लोह विरघळत नाही आणि मुळांना ते घेता येत नाही. म्हणून कोकणातल्या जांभ्याच्या, पावसानं धुतलेल्या मातीत अनंत फारसे लाड न करताही फुलतो, आणि घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर कुढतो. त्यात रोज पाणी साचलं तर मुळं कुजतात आणि उरलंसुरलं लोहही मिळेनासं होतं.

घरगुती उपायांतले काही तर उलटेच पडतात. अंड्याची टरफलं म्हणजे चुनखडीच, आणि चुलीतली राखही सामू वाढवते. गुलाबाला कुणी काहीही घालो, अनंताच्या कुंडीपासून ही दोन्ही दूर ठेवावीत. गंजलेले खिळे पुरून काही साधत नाही, कारण गंजातलं लोह झाडाला जवळपास घेताच येत नाही. चुनखडीच्या मातीत हिराकसही (फेरस सल्फेट) लवकर निकामी होतं. तिथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह टिकतं. ते पाकिटावरच्या प्रमाणातच द्यावं. घाटावर मी तरी अनंत जमिनीत लावायला सांगणार नाही. मोठी कुंडी घ्या, तिच्यात लाल माती, कोकोपीट आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत भरा, आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी.

अनंताला सावलीच हवी, हेही अर्धवट खरं आहे. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पानं करपवतं, पण सकाळचं ऊन मिळालं नाही तर कळ्याच धरत नाहीत. कळ्या धरल्यावर मात्र कुंडी इकडची तिकडे हलवू नका. जागा बदलली किंवा पाण्यात खंड पडला की त्या न उमलताच गळतात.

पांढरं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर होतं, तो रोग नव्हे. अनंताचं फूल असंच पिकतं. छाटणी करायची तर बहर ओसरल्यावर लगेच करा. पुढच्या बहराच्या कळ्या आधी वाढलेल्या फांद्यांवर येतात, त्यामुळे उशिरा कात्री चालवली तर फुलंच कापली जातात.